थांबावहिनी आणि मनाईचं दार

तुमच्या तोंडावर कुणी दार लावून घेतलं, तर तुम्ही आधी काय करता? लाथ घालता, की बिजागरी कुठं आहे ते बघता?

खोटं बोलू नका. मी लाथ घालणाऱ्यांतली आहे आणि त्याची मला लाज नाही. शाळा मी अर्ध्यात सोडली. पुढचं सगळं शिक्षण कचेऱ्यांच्या बाकड्यांवर आणि मोर्च्यांच्या रांगांत झालं. तिथं पहिला धडा हाच मिळतो, की आतल्या माणसाला ऐकू जायचं असेल तर बाहेरच्यानं आवाज चढवला पाहिजे. आमच्याकडं कृत्रिम पाय बसवून देणारं एक केंद्र आहे. त्याच्या दारात पायऱ्या होत्या. ज्यांना पाय नाहीत त्यांच्यासाठीच्या दारात पायऱ्या. आज तिथं उतार आहे, आणि तो हात जोडून मिळालेला नाही. आम्ही अपंगांच्या संघटनेचे लोक त्याच पायऱ्यांवर ठाण मांडून बसलो, तेव्हा मिळाला.

पण आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर एक बाई राहते, जिनं उभ्या आयुष्यात कुठल्या दाराला लाथ घातलेली नाही, आणि तरी तिनं उघडलेली दारं मोजायला बसलं तर माझ्यापेक्षा जास्त भरतील. हे लिहिताना मला दात खावे लागताहेत. पण आहे ते आहे.

सगळे तिला वहिनी म्हणतात. पाठीमागं थांबावहिनी. तुम्ही काहीही सांगायला लागा, वाक्य पुरं व्हायच्या आत तिचा हात वर जातो, "थांबा." मग एक प्रश्न येतो. तुम्ही उत्तर देता. पुन्हा हात वर. तिचा नवरा शाळेची बस चालवतो. तो म्हणतो, "दिवसभर थांबे घेत घरी येतो, तर शेवटचा थांबा दारातच उभा."

पूर्वी ती कपडे धुण्याच्या यंत्रांच्या कंपनीत तक्रारी ऐकायची. कानाला फोन, समोर ठरलेली वाक्यं: बंद करा, पुन्हा चालू करा, नाही जमलं तर माणूस पाठवतो. एकदा एका आजोबांचा फोन आला. यंत्र फक्त रविवारी बंद पडतं म्हणाले. शेजारच्या मुली तोंडावर हात धरून हसल्या. वहिनीनं विचारलं, "आजोबा, रविवारी तुमच्या घरात असं काय असतं, जे सोमवारी नसतं?" आजोबा विचारात पडले. खूप वेळानं म्हणाले, "मुलगा असतो." मुलगा रविवारी उशिरा उठायचा आणि आंघोळीचं पाणी तापवायला लावायचा, यंत्राच्याच प्लगवर. फोन लांबला म्हणून वहिनीला बोलणी खावी लागली. पण ती सांगते, त्या दिवशी जिभेला चव लागली ती लागलीच.

पुढं कंपनीनं तक्रारींसाठी वेबसाइट काढली. बनवणाऱ्यांना सगळी बटणं दाबून बघायला कुणीतरी हवं होतं, म्हणून तिला बसवलं. दुपारच्या आत तिनं ती वेबसाइट बंद पाडून दाखवली, आणि कशामुळं पडली तेही सांगितलं. तेव्हापासून तिचं पोट त्यावरच आहे. लोकांच्या वेबसाइटी आणि अॅप तिच्याकडं येतात, ती त्यांना नाही नाही ते करून बघते. सासूबाईंना कुणी विचारलं, सून काय करते हो, तर त्या विणकामावरची नजर न काढता सांगतात, "लोकांनी केलेलं मोडते आणि त्याचा पगार घेते. आमच्या वेळी असल्या सुनेला माहेरी धाडायचे."

तिच्या स्वयंपाकघरात एक टेबल आहे. एका टोकाला लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला भाजी चिरायची पाटी. भिंतीवरच्या ताटाळ्यात ताटांच्या शेजारी जुने फोन उभे करून ठेवलेले, काही फुटक्या काचांचे. वायरींचा गुंता बिस्किटांच्या डब्यात. खिडकीशी सासूबाईंची खुर्ची. मी तिथं नेहमी जायची ती भांडणं ऐकवायला, आणि दर वेळी निम्म्यावर थांबवली जायची.

त्या दुपारी मात्र मी थांबणार नव्हते.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, दुकानांच्या पाट्या रंगवतो. उजवा पाय गुडघ्याखाली गेला त्याला बरीच वर्षं झाली. त्यानं शिडी सोडली, रंग सोडला नाही. पण अलीकडं कृत्रिम पायाची खोबण, जिच्यात उरलेला पाय बसतो ती, सैल झाली होती. मोज्यावर मोजा चढवून तो ती भरायचा, आणि आत घासून घासून झालेली जखम भरायचं नाव घेत नव्हती. डॉक्टरनं साफ सांगितलं होतं, नव्या मापाची खोबण लवकर बसवा, नाहीतर गुडघाही हातचा जाईल. केंद्रात मापं घ्यायची फेरी वर्षातून एकदाच. नोंदणी फोनवरूनच करायची. ज्याच्या त्याच्या फोनवर लिंक येते, ती एकदाच उघडते, आणि उघडेल तिथूनच काम पुरं करायचं. दुसऱ्या फोनवर नाही, दुसऱ्या ब्राउझरमध्ये नाही. आणि त्या दिवशी संध्याकाळी नोंदणी बंद होणार होती.

दादानं लिंक उघडली. त्याचं नाव आलं, जुनी मापं आली. त्यानं वेळ निवडली आणि 'नोंदवा'वर बोट ठेवलं. पांढरं पान आलं. वर आकडा, चारशे तीन. खाली एकच शब्द, मनाई.

मी संघटनेतल्या लोकांना फोन लावले. शिंपीणबाईंना मनाई. पेपर टाकणाऱ्याला मनाई. ज्याला विचारावं त्याला तेच पांढरं पान. आता सांगा, मी काय समजायचं? उतार मिळवला त्याचा हा सूड, हे समजायला मला कुठल्या जाणकाराची गरज नव्हती. सगळ्यांना कोपऱ्यावर जमायला सांगितलं. केंद्रावर जायचं, दारात बसायचं. दादाला पायऱ्या चढवत नाहीत म्हणून खाली इस्त्रीवाल्या काकांच्या दुकानात बसवलं आणि त्याचा फोन घेऊन वर वहिनीकडं गेले. मला तिच्याकडून एवढंच हवं होतं, की तिनं बघून 'होय, बंदी घातलीय' असं म्हणावं. मोर्च्यात जाणकाराचं एक वाक्य उपयोगी पडतं.

"वहिनी, आमच्यावर बंदी घातलीय. हे बघा."

"थांबा. काय दिसतंय ते आधी वाचा. काय वाटतंय ते मागनं."

"चारशे तीन. मनाई."

"बंदी कुठं लिहिलीय?"

"मनाई म्हणजे बंदीच की."

"पुढारीणबाई," सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "आधी बूड टेक. उभ्यानं भांडण पचत नाही."

मी बसले. वहिनीनं फोन हातात घेतला आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला मुळीच आवडलं नाही. तिला मजा वाटत होती.

"चारशे चार आला असता तर अर्थ, इथं असं काही नाही," ती म्हणाली. "चारशे एक आला असता तर, तू कोण ते आधी सांग. चारशे तीन म्हणजे, तुझं बोलणं पोचलं, कळलं, पण करणार नाही. का करणार नाही ते या आकड्यात नसतं. मला हा सगळ्यात आवडतो."

"माझ्या भावाचा गुडघा जाईल, आणि तुम्हाला आकडा आवडतो?"

"आवडतो म्हणून तर मी तो सोडणार नाही." तिनं फोनचं घड्याळ बघितलं, बरोबर होतं. फोनचं इंटरनेट बंद करून घरच्या वायफायवर घेतलं, पुन्हा 'नोंदवा' दाबलं. मनाई. "म्हणजे तुमच्या लाइनवर राग नाही. माझ्या लाइनवरूनही तेच."

मग ती वेबसाइटवर इकडं तिकडं फिरायला लागली. दादाचं नाव, मापं, मागच्या वेळची तारीख, सगळी पानं उघडत होती. कोपऱ्यात 'पत्ता बदला' असं एक बटण होतं. तिनं आहे तोच पत्ता ठेवून ते दाबलं.

मनाई.

"हं," ती म्हणाली आणि खुर्चीत मागं रेलली. "बघू देतात. पाठवू देत नाहीत. काहीच पाठवू देत नाहीत, पत्तासुद्धा नाही."

"मग तेच तर म्हणतेय मी. आमच्या लोकांचं नाव दिसलं की—"

"थांबा. ज्याचं काम झालंय असा कुणी आहे का?"

"आमच्यातला एकही नाही."

"तुमच्यातला नको. कुणीही चालेल."

मी जरा घुटमळले. "खाली इस्त्रीवाल्या काकांचं सकाळीच झालं म्हणे. त्यांचाही पाय तिथलाच आहे."

"काका पायऱ्यांवर बसले होते का तुमच्याबरोबर?"

"पहिल्या रांगेत. घोषणा देऊन देऊन घसा बसला होता त्यांचा."

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. सासूबाईंच्या सुया थांबल्या.

"मग तुमची बंदी काकांना कशी विसरली?"

मला रागच आला. वहिनीनं लॅपटॉप काखेत मारला, बिस्किटांचा डबा उचलला आणि ती निघाली. सासूबाईंनीही विणकाम पिशवीत टाकलं. "तुम्ही कुठं, आई?" वहिनीनं विचारलं. "मला इथं एकटीला काय कळणार," म्हणाल्या, आणि आमच्या आधी जिना उतरल्या.

इस्त्रीवाल्या काकांचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक मोठं टेबल, त्यावर जाड सतरंजी, मागं दोरीवर टांगलेले सदरे. काका कृत्रिम पायावर दिवसभर उभे असतात. दादा स्टुलावर बसून पायाचा पट्टा सैल करत होता. वहिनीनं सदऱ्यांची चळत सरकवून लॅपटॉप ठेवला आणि काकांकडं फोन मागितला.

"माझा फोन मी कुणाच्या हातात देत नाही," काका म्हणाले. "यांच्या संघटनेनं सगळ्यांचे फोन घेऊन काय काय घातलं, तेव्हाही दिला नाही. विचारा हिला."

"खरंय," मी म्हणाले. "हट्टी आहेत."

"आणि माझी वेळ मिळालेली आहे. तुम्ही काहीतरी दाबाल आणि ती जाईल."

"वेळेला हात लावत नाही, काका. तुमचाच पत्ता तुम्हीच पुन्हा पाठवायचा. मी बोटही लावत नाही, फक्त वायर लावते."

काकांनी फोन खिशातच दाबून धरला. दादा म्हणाला, "काका, माझी जखम दाखवू का?"

"नको रे बाबा, जेवण झालंय माझं," काका म्हणाले आणि फोन पुढं केला.

वहिनीनं दोन्ही फोन दोन वायरींनी लॅपटॉपला जोडले. पडदा मधोमध दुभागला. काकांनी आपला पत्ता पाठवला, गेला. दादानं आपला पाठवला, मनाई. दोन्हीकडं ओळींची उतरंड आली. वहिनीनं सांगितलं, आपण बटण दाबतो तेव्हा फोन नुसता पत्ता पाठवत नाही, त्याच्याबरोबर आपल्याबद्दल बरंच काही सांगतो. मी कोणता ब्राउझर, मला कोणती भाषा चालते, माझी ओळख पटलीय त्याची ही खूण. आपल्याला ते दिसत नाही इतकंच.

"आता दोन चित्रांतले फरक ओळखा," ती म्हणाली.

सगळे वाकले. आयुष्यात इतक्या शांतपणे आम्ही पाचजण एका गोष्टीकडं कधी बघितलं नसेल. पहिला फरक काकांनीच पकडला, ब्राउझरचं नाव वेगळं. दादाचा ब्राउझर संघटनेनं घालून दिलेला होता. "हाच," मी म्हणाले. "नावावरून ओळखतात."

"असेल. बघू." वहिनीनं दादाच्या फोनला काकांच्या ब्राउझरचं नाव घ्यायला लावलं. मनाई. तिनं नाव पूर्ववत केलं.

"राहू द्या की तसंच," दादा म्हणाला.

"नाही. एका वेळी एकच बदलायचं. दोन बदलले आणि काम झालं, तर कशानं झालं हे कसं कळणार?"

भाषेची ओळ वेगळी होती. तिनं ती बदलली. मनाई. पूर्ववत केली. माझ्या खिशातला फोन सारखा थरथरत होता, कोपऱ्यावर लोक जमले होते, कधी निघायचं विचारत होते. रस्त्यावरची उन्हं तिरकी झाली होती. मी म्हणाले, "वहिनी, तुमचा खेळ होतोय, आमची संध्याकाळ चाललीय."

तिनं वर बघितलंच नाही. बोट पडद्यावर काकांच्या बाजूला एका ओळीवर थांबलं होतं. मग ते दादाच्या बाजूला गेलं, वर गेलं, खाली आलं.

"इथं एक ओळ आहे. तिकडं नाहीच."

"कसली?"

"काकांचा फोन सांगतोय, हा निरोप मी केंद्राच्याच पानावरून पाठवतोय. दादांचा फोन कुठून आलो ते सांगतच नाही. गप्प बसलाय."

मी पडद्यापासून मागं सरले. कारण तो गप्प का बसलाय हे त्या दुकानात फक्त मला माहीत होतं.

उताराच्या आंदोलनात कोण कुणाशी बोलतंय यावर कुणाची तरी नजर आहे, अशी आम्हाला शंका होती. म्हणून बैठक घेऊन ठरवलं, प्रत्येक सभासदाच्या फोनवर एकच ब्राउझर, आणि त्यात एक एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायची छोटीशी सोय. त्याचं काम एकच, तुम्ही कोणत्या पानावरून आलात हे कुठल्याही वेबसाइटला कळू द्यायचं नाही. कुणी चुकून बंद करू नये म्हणून त्याला आकडी कुलूप घातलं. आकडा माझ्याकडं. त्या निर्णयाचा मला अभिमान होता, अजूनही आहे.

मी ते सांगितलं. इस्त्रीतून वाफ निघत राहिली. मग सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे चेहरा झाकून दार वाजवलंत, आतल्यानं उघडलं नाही, आणि तुम्ही निघालात दगड घेऊन."

"दगड नाही, फलक."

"फलकाला दांडा असतोच की."

"चेहरा दिसतोय त्याला, आई," वहिनी म्हणाली. "दादा कोण ते त्याला पक्कं माहीत आहे. ते कुठून बोलताहेत ते कळत नाहीये."

"आणि का कळावं?" मी उसळले. "आम्ही कुठून आलो याच्याशी त्यांना काय करायचंय? रोग्याला खोबण द्यायची, तर आधी ठावठिकाणा विचारणार?"

"थांबा—"

"नाही थांबत. प्रत्येक खिडकीवर हेच. कुठून आलात, कुणी पाठवलं. मी जन्मभर याच प्रश्नाशी भांडत आलेय."

वहिनी थांबली. खरंच थांबली, माझा श्वास खाली बसेपर्यंत. मग म्हणाली, "तो तुमचं घर विचारत नाहीये. समजा, दादांच्या फोनवर केंद्राचं पान उघडं आहे, ओळख पटलेली आहे. तेवढ्यात त्यांनी दुसरंच एखादं भलतं पान उघडलं. त्या पानानं पडद्यामागून केंद्राला निरोप धाडला, 'माझी वेळ रद्द करा.' फोन भाबडा असतो. केंद्राकडं जाणाऱ्या निरोपाला तो दादांच्या ओळखीची खूण आपणहून जोडून देतो. केंद्राला वाटणार, दादाच बोलले. म्हणून वेबसाइटचा रखवालदार एवढंच विचारतो, हा निरोप माझ्याच पानावर लिहिलास ना? नुसतं बघायला आलेल्याला विचारत नाही. काही बदलायला आलेल्याला विचारतो."

"म्हणून बघू देत होता," काका म्हणाले.

"म्हणून."

दादा इतका वेळ पट्ट्याशी चाळा करत होता. "म्हणजे तो माझीच वेळ राखतोय," तो म्हणाला.

"राखतोय. पण तुम्ही गप्प, म्हणून तुम्हालाच चोर समजतोय."

"आणि मला ओळ कोणती पाठवायचीय? त्यांच्याच पानाचा पत्ता, त्यांनाच?"

"त्यांचाच, त्यांनाच."

दादानं माझ्याकडं बघितलं. लहानपणी मी कुणाशी मारामारी करून आले की तो असाच बघायचा, आधी रक्त कुठून येतंय ते शोधायचा, रागवायचा मागनं. "छोटे," तो म्हणाला, "तुझी शंका मला खोटी वाटत नाही. पण मला गुडघा ठेवायचाय. एवढ्या एका दारापुरतं कुलूप काढ."

मी काही फार मोठा त्याग केला असं दाखवणार नाही. पण बोट चटकन पुढं गेलं नाही हेही खरं. ज्या गोष्टीला मी ढाल म्हणून सगळ्यांच्या हातात दिली, तीच माझ्या भावाच्या वाटेत आडवी पडली होती. वहिनीनं फोन माझ्यापुढं धरला. मी आकडा घातला. तिनं एकट्या केंद्राचं नाव एक्स्टेंशननं ज्यांना वगळायचं त्या यादीत टाकलं, बाकी सगळं होतं तसं ठेवलं. पडद्यावर दादाच्या बाजूला ती ओळ उगवली.

"दाबा."

दादानं दाबलं. हिरवी खूण आली. वेळ नोंदली गेली.

काकांनी दादाच्या पाठीवर थाप मारली. माझे डोळे भरले, तर मी रस्त्याकडं तोंड केलं. आणि मागून आवाज आला, "थांबा."

वहिनीनं ते वगळलेलं नाव पुन्हा काढून टाकलं होतं.

"अहो, झालंय ना काम," मी ओरडले. "कशाला हात लावताय?"

"वेळेला नाही लावत. पत्ताच पाठवते." पाठवला. मनाई. तिच्या तोंडावर असं हसू आलं की जणू तिचाच गुडघा वाचला. नाव पुन्हा आत घातलं, पत्ता पाठवला. गेला. "आता कळलं," ती म्हणाली. "मघाशी नुसतं झालं होतं."

हा फरक मला त्या दिवशी अजिबात पटला नाही. काम झालं की झालं, असं माझं चाळीशीपर्यंतचं तत्त्वज्ञान. पण कोपऱ्यावर लोक उभे होते, प्रत्येकाच्या खिशात तेच पांढरं पान. नुसतं 'झालं' असतं तर मी त्यांना काय सांगणार होते? इस्त्रीवाल्याच्या टेबलावर फोन ठेवा, होईल? आता मला सांगता येत होतं, की काय अडलंय, कुणामुळं अडलंय आणि कुठं बोट लावायचं. मोर्चा मी दुकानात बोलावला. लोकांचा आधी विश्वास बसेना. एकजण म्हणाला, ताई, तुम्हाला कुणी फोडलं तर नाही ना? त्याला मी जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी एकेकाच्या फोनवर कुलूप काढत गेले, वहिनी नाव घालत गेली. शिंपीणबाईंचा फोन तेवढ्यावर ऐकेना. त्यांनी सकाळपासून तेच पान उघडं ठेवलं होतं, ते ताजं केल्यावर गेलं. नोंदणी बंद व्हायच्या आत सगळ्यांचं आटपलं. काका म्हणाले, "चुरगळलेला मोर्चा पहिल्यांदाच सरळ करून दिला मी."

सगळे पांगल्यावर मी वहिनीला विचारलं, "म्हणजे चूक आमची."

"निम्मी."

"आणि निम्मी?"

"त्याला माहीत होतं ना, ओळ नाही म्हणून अडवलंय. मग तेवढं लिहायला काय झालं होतं? नुसतं मनाई म्हणालं की माणूस सगळ्यात वाईट कारण मनात भरतो. तुमच्यासारखा असला तर फलक रंगवायला घेतो."

"फलक दादा रंगवणार होता."

"बघा. एका पायावर उभं राहून."

दुसऱ्या दिवशी मी केंद्रात गेले. एकटी, उतारावरून. तिथल्या साहेबांनी मला ओळखलं आणि त्यांचा चेहरा पडला. आता ही बसते की काय. मी म्हणाले, उभ्यानंच बोलते. त्या मनाई शब्दाखाली कारण लिहा, आमच्या भाषेत, एका ओळीत. ते म्हणाले, "एवढंच?" मी म्हणाले, एवढंच, पण एवढं झालं नाही तर बसेन. आता तिथं लिहिलेलं असतं, 'तुमचा ब्राउझर कुठल्या पानावरून आला ते सांगत नाही, म्हणून ही विनंती घेता आली नाही.' वहिनीला ते वाक्य दाखवलं तर तिनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, चांगलंय, पण पुढं काय करायचं तेही लिहायला हवं होतं. तिचं समाधान होणं कठीण.

दादाची नवी खोबण बसली. जखम भरली. मोजा आता एकच लागतो. परवा त्यानं वहिनीच्या दारावर लावायला एक छोटी पाटी रंगवून दिली, निळ्यावर पांढरं, नुसतं 'थांबा'. सासूबाईंनी ती दारावर न लावता स्वयंपाकघरात टेबलासमोर लावली. "आता हिला कुणीतरी थांबवायला नको का," म्हणाल्या.

एक्स्टेंशन आम्ही काढलेलं नाही. शंका खोटी होती असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण संघटनेच्या बैठकीत आता एक नवीन नियम आहे. नकार आला की आवाज चढवण्याआधी ज्याचं काम झालंय असा एक माणूस शोधून आणायचा. आपला असो, परका असो, आपल्याला न आवडणारा असला तर आणखी बरं. त्याला शेजारी बसवायचं आणि विचारायचं, तुझ्यापाशी असं काय आहे, जे माझ्यापाशी नाही? कधी उत्तर मिळतं, की आतल्यांनी खरोखर बंदी घातलीय. मग मी आहेच, आणि माझा आवाजही आहे.

तुम्हीही पुढच्या वेळी 'मनाई' वाचाल. फोनवर वाचाल, खिडकीवर वाचाल, कुणाच्या तरी कपाळावर वाचाल. तेव्हा माझ्यासाठी एवढं करा: पाय उचलण्याआधी, ज्याच्यासाठी तेच दार उघडलं त्याला हाताला धरून घेऊन या, आणि दोघं मिळून ते पुन्हा एकदा वाजवा.